निजलेला मेंदू, जागी आठवण



साहित्याच्या व्यासपीठावरून झोपेवर बोलायचे म्हटले की थोडी कुजबूज होणारच. व्याख्यानात झोप येणे जुनेच आहे. झोप हाच व्याख्यानाचा विषय होणे तेवढे नवे. पण आधार शोधायला दूर जावे लागत नाही. दासबोधाच्या अठराव्या दशकातला नववा समास निद्रानिरूपणाचा आहे आणि त्याला लागूनच दहावा समास श्रोत्यांच्या अवलक्षणांचा आहे. जांभया, आळोखेपिळोखे, घोरणे यांचे समर्थांनी जे चित्र काढले आहे ते वाचून आजही हसू येते. तेव्हा इथे कुणाचा डोळा लागलाच, तर त्याची नोंद साडेतीनशे वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे असे समजावे.

मी विज्ञानाचा शिक्षक. आयुष्यभर मुलांना शिकवताना एक प्रश्न मला सोडत नव्हता. वर्गात शिकवलेले मुलाच्या डोक्यात नेमके केव्हा बसते? मी फळ्यावर लिहितो तेव्हा, तो वहीत उतरवतो तेव्हा, की आणखी कधी? गेल्या शंभर वर्षांतल्या संशोधनाने याचे जे उत्तर दिले आहे त्याचा मोठा भाग रात्री घडतो, आणि काही भाग आपण नुसते रिकामे बसलेलो असतो तेव्हा घडतो. तेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

झोपेविषयी आपल्या भाषेची दोन मते आहेत. एकीकडे आपण म्हणतो, "परीक्षा तोंडावर आली आणि हा झोपा काढतोय." झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, आळसाची बहीण. दुसरीकडे घरात मोठा निर्णय घ्यायचा असला, जमिनीचा व्यवहार असो की मुलीचे स्थळ, की हीच वडीलधारी माणसे म्हणतात, "आज नको, रात्र जाऊ दे, सकाळी बघू." म्हणजे रात्रीतून काहीतरी होते, डोके निवळते, हा अनुभवही भाषेने जपून ठेवला आहे. आयुर्वेदाने तर शरीराचे तीन उपस्तंभ सांगताना आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या पंक्तीला निद्रेला बसवले. आणि मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या वेगवेगळ्या अवस्था मानल्या. झोप म्हणजे नुसता जागेपणाचा अभाव, असे म्हटले नाही. यातले कोणते मत प्रयोगाच्या कसोटीला उतरते, ते पाहू.

सुरुवात विसरण्यापासून करू. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि ते किती वेळात किती विसरतात हे मोजायचे. पहिल्या काही तासांतच बरेचसे निसटते, हे त्यातून दिसले. पुढे १९२४ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेनकिन्स आणि डॅलनबाख यांनी त्याला एक साधी जोड दिली. दोन विद्यार्थ्यांना दहा दहा निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ करायला लावल्या. कधी पाठांतरानंतर त्यांनी दिवसभर नेहमीचे व्यवहार केले, कधी लगेच झोप घेतली. आठ तास जागेपणी गेले तर दहापैकी सरासरी एखादाच शब्द आठवे. तेच आठ तास झोपेत गेले तर पाच-सहा आठवत. वेळ सारखाच, फरक फक्त झोपेचा.

त्या काळी याचा अर्थ सोपा लावला गेला. जागेपणी नवे काही ना काही कानावर-डोळ्यांवर पडत राहते आणि जुने पुसले जाते; झोपेत ते थांबते, म्हणून आठवण वाचते. म्हणजे झोप ही बंद कपाटासारखी. आत काही घडत नाही, एवढाच तिचा फायदा. यात तथ्य आहेच. पण कपाट बंद नव्हते. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरींची नोंद घेण्याची रीत शोधून १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज आपण तिला ईईजी म्हणतो. त्या नोंदीत झोपेतला मेंदू गप्प दिसला नाही. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवले की झोपेत ठरावीक अंतराने बंद पापण्यांखाली डोळे झपाट्याने हलतात आणि तेव्हा उठवले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. हळूहळू रात्रीचा नकाशा तयार झाला. साधारण दीड-दीड तासाचे फेरे. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त, पहाटेकडे स्वप्नांची झोप जास्त.

आता मेंदूच्या आत जाऊ. त्याच १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणावर शस्त्रक्रिया झाली. त्याला अपस्माराचे, म्हणजे फिटचे, अनावर झटके येत. ते थांबावेत म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिपोकॅम्पस हा भाग बराचसा काढण्यात आला. हा भाग कानाच्या पातळीवर खोल आत असतो, आकाराने समुद्रघोड्यासारखा, म्हणून त्याला ते ग्रीक नाव. झटके कमी झाले, पण एक भयंकर गोष्ट झाली. मोलेसनला नवे काही लक्षात राहीना. नुकतेच भेटून गेलेले माणूस पुन्हा आले की त्याच्यासाठी ते परके असे. बालपणीच्या आठवणी मात्र शाबूत होत्या. ब्रेंडा मिल्नर यांनी अनेक वर्षे त्याचा अभ्यास केला. २००८ मध्ये मोलेसन वारला, तोवर स्मृतीविषयी जगाला सर्वांत जास्त शिकवणारा माणूस तोच ठरला होता.

यातून एक कोडे उभे राहिले. नव्या आठवणीला हिपोकॅम्पस लागतो. पण जुनी आठवण त्याच्याशिवायही टिकते. मग मधल्या काळात ती आठवण मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे वरच्या सुरकुतलेल्या थरात, रुजत असली पाहिजे. हे काम कधी आणि कसे चालते?

उत्तर उंदरांनी दिले. १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्याने उंदराच्या हिपोकॅम्पसमध्ये अशा चेतापेशी शोधल्या, ज्या उंदीर एका विशिष्ट जागी आला की उत्तेजित होतात. एक पेशी कोपऱ्यासाठी, दुसरी दाराजवळच्या जागेसाठी, तिसरी मधल्या वळणासाठी. उंदीर वाटेने धावला की या पेशी ओळीने पेटतात. जणू मेंदूत त्या खोलीचा नकाशाच. या शोधासाठी ओकीफ यांना मोझर दांपत्याबरोबर २०१४ चे नोबेल मिळाले.

पुढची पायरी आपल्या विषयाची. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी दाखवले की दिवसा ज्या पेशी एकत्र पेटल्या होत्या, त्याच पेशी उंदीर झोपल्यावर पुन्हा एकत्र पेटतात. उंदीर जागचा हललेला नाही, डोळे मिटलेले आहेत, आणि मेंदूत दिवसाची वाट पुन्हा चालली जात आहे. नंतरच्या अभ्यासांत असे दिसले की हा क्रमही बराचसा तोच राहतो, फक्त वेग कितीतरी वाढलेला असतो. काही सेकंदांचा प्रवास एका सेकंदाच्या छोट्याशा अंशात उरकतो.

इंग्रजी शास्त्रज्ञ याला त्यांच्या भाषेत काही म्हणोत, आपल्याकडे यासाठी शब्द तयार आहे: उजळणी. आणि तो नेमका आहे. उजळणी म्हणजे नुसते पुन्हा म्हणणे नसते. भांडे घासून उजळावे तसे काळवंडू लागलेले पुन्हा लखलखीत करणे असते. मेंदू रात्री तेच करतो. ही उजळणी घडते तेव्हा हिपोकॅम्पसमध्ये अतिशय जलद विद्युत तरंग उठतात, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ ग्यॉर्गी बुझाकी यांनी १९८९ मध्येच अशी कल्पना मांडली होती की दिवसा हिपोकॅम्पस अनुभव तात्पुरता टिपून घेतो आणि विश्रांतीत या तरंगांच्या द्वारे तो पक्का करतो. गाढ झोपेत बाह्यकातून सेकंदाला साधारण एक अशा संथ लाटा वाहतात. हिपोकॅम्पसचे जलद तरंग त्या लाटांशी ताल धरून येतात.

पण दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे म्हणता येत नाही. हे तरंग खरोखर कामाचे आहेत की गाडीच्या इंजिनाचा नुसता आवाज? २००९ मध्ये पॅरिसमधील संशोधकांनी ते तपासले. उंदरांना रोज एक वाट शिकवली, आणि नंतर झोपेत असा तरंग उठला की क्षणार्धात हलका विद्युत स्पंद देऊन तो मोडला. झोप चालूच राहिली, उजळणी तेवढी मोडली. त्या उंदरांचे शिकणे मागे पडले. तितकेच स्पंद पण तरंगांच्या वेळा टाळून दिलेल्या उंदरांचे शिकणे मात्र ठीक चालले. तरंग कामाचे होते.

लालबागेत बसून हे सांगताना एक दाखला सहज सुचतो. आपल्या जवळच कुंडी भंडारा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात बांधलेला. सातपुड्यावर पाऊस पडतो तो चार महिने. ते पाणी दगडमातीतून सावकाश झिरपते, जमिनीखालच्या बोगद्यात गोळा होते आणि कुंडीमागून कुंडी उतरत शहराकडे येते. वरून चालणाऱ्याला काही दिसत नाही. पाऊस थांबल्यावरही खालचे काम चालू असते, म्हणून उन्हाळ्यात पाणी मिळते. दिवसाचे अनुभव हा पाऊस आणि रात्रीची उजळणी हे झिरपणे, असे धरून चालायला हरकत नाही. मात्र दाखला एका ठिकाणी अपुरा पडतो. डोंगर पाण्यातले कोणते थेंब ठेवायचे हे निवडत नाही. मेंदू निवडतो.

ही निवड माणसांवरच्या प्रयोगांत दिसली. २०११ मध्ये जर्मनीत काही लोकांना काही गोष्टी शिकवल्या. निम्म्यांना सांगितले की यावर पुढे परीक्षा होईल. बाकीच्यांना सांगितले नाही. ज्यांना पुढे गरज पडेल हे ठाऊक होते, त्यांनाच झोपेचा मोठा फायदा झाला. म्हणजे मेंदू रात्री सगळीच रद्दी जपून ठेवत नाही; पुढे लागणार असे जे वाटते त्याला तो अग्रक्रम देतो. त्याआधी, २००७ मध्ये, यान बॉर्न यांच्या गटाने आणखी एक सुंदर प्रयोग केला. लोकांना पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा लक्षात ठेवायला सांगितल्या आणि त्या वेळी खोलीत गुलाबाचा गंध सोडला. रात्री गाढ झोपेत तोच गंध पुन्हा दिला. झोपणाऱ्याला पत्ता नाही. सकाळी गंध मिळालेल्या रात्रीनंतर सुमारे सत्त्याण्णव टक्के जागा बरोबर आठवल्या, न मिळालेल्या रात्रीनंतर सुमारे शहाऐंशी टक्के. स्वप्नांच्या झोपेत गंध दिला तर हा फायदा झाला नाही.

इथे एक सावधगिरी. झोपेत कानाशी टेप लावून नवी भाषा शिकवण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती आपण पाहिल्या असतील. त्या प्रयोगात गुलाबाने नवे काही शिकवले नव्हते. दिवसा मेहनतीने शिकलेलेच जागे केले होते. पेरलेच नाही तर रात्री उगवणार काय?

आता विषयाच्या दुसऱ्या अंगाकडे येतो, ते म्हणजे जागेपणीचा विसावा आणि पुढचे बेत. बराच काळ असे वाटत होते की उजळणी ही झोपेचीच बाब आहे. २००६ मध्ये फॉस्टर आणि विल्सन यांनी पाहिले की उंदीर वाट संपवून क्षणभर थांबतो, खाऊ खातो, मिशा साफ करतो, तेव्हाही आलेली वाट मेंदूत पुन्हा चालली जाते आणि तीही उलट्या क्रमाने, शेवटाकडून आरंभाकडे. जणू "हे फळ मिळाले ते कुठकुठून आल्यामुळे?" असा हिशेब.

या क्षेत्रात आपल्या ओळखीच्या आडनावाचे एक शास्त्रज्ञ महत्त्वाचे काम करीत आहेत: शंतनू जाधव. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात लोरेन फ्रँक यांच्या प्रयोगशाळेत असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. उंदरांसाठी त्रिशूळासारखी तीन फाट्यांची वाट केली. नियम असा: बाजूच्या फाट्यावरून मधल्यावर परत यायचे, आणि मधल्यावरून निघताना मागच्या वेळी ज्या बाजूला गेलो होतो त्याच्या विरुद्ध बाजूला जायचे. परत येणे सोपे आहे, ते नुसत्या सवयीने जमते. निघताना मात्र "मागच्या वेळी कुठे गेलो होतो, म्हणून आता कुठे जायचे" हे जोडावे लागते. जाधवांनी उंदीर जागा असताना, थांबलेला असताना उठणारे तरंग मोडले. परत येण्यात फरक पडला नाही. निघतानाच्या निवडीत मात्र उंदीर मागे पडले. म्हणजे काही क्षणांच्या त्या थांबण्यात भूतकाळ आणि पुढचे पाऊल यांची गाठ बांधली जात होती, आणि ती गाठच सुटली. पुढे ब्रँडाइस विद्यापीठातील त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेने २०१९ मध्ये दाखवले की हिपोकॅम्पस आणि कपाळामागचे बाह्यक दोघे मिळून या उजळण्या करतात. उलट्या क्रमाच्या उजळण्या होऊन गेलेल्या वाटेशी जुळतात, सुलट्या क्रमाच्या पुढे घ्यायच्या वाटेशी.

स्मृती आणि बेत एकाच घरात राहतात याला माणसांतही आधार आहे. २००७ मध्ये डेमिस हस्साबिस आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये हिपोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना सांगितले, "समुद्रकिनाऱ्यावर पहुडला आहात अशी कल्पना करा आणि काय दिसते ते सांगा." त्यांना काही तुकडे सांगता आले, पण त्यांचे एकसंध चित्र उभे राहीना. ज्याला काल नीट सापडत नाही, त्याला उद्याही नीट रचता येत नाही. आठवण ही मागे पाहण्यासाठी असते असे आपण मानतो. मेंदूच्या दृष्टीने ती पुढे जाण्यासाठीची शिदोरी आहे.

"सकाळी बघू" या म्हणण्यालाही पुरावा मिळाला. २००४ मध्ये जर्मनीत लोकांना आकड्यांची कोडी दिली. त्यांत एक लपलेला सोपा नियम होता, पण तो सांगितला नव्हता. आठ तासांनी पुन्हा बसवले. मधल्या वेळात झोपलेल्यांपैकी सुमारे साठ टक्क्यांना तो नियम सापडला. जागे राहिलेल्यांपैकी, ते दिवसभर जागे असोत की रात्रभर, पाचापैकी जेमतेम एकाला.

श्रोतेहो, आता हे सगळे आपल्या घरात आणू.

आपल्यापैकी कित्येक घराणी पिढ्यान्‌पिढ्या या तापीकाठी आहेत. शाळा हिंदीची, बाजार हिंदीचा, कचेरी हिंदीची. मराठी टिकली ती घरात, आणि घरातही मुख्यतः संध्याकाळी. दिवेलागणीला शुभंकरोती, मग रामरक्षा, मग परवचा: पाढे, पावकी, निमकी, दिडकी. जेवण झाले की आजीच्या कुशीत गोष्ट, आणि गोष्ट संपायच्या आत झोप. सकाळी उठल्यावर आजोबा पुन्हा पाढा विचारायचे. हे कुणी प्रयोगशाळेत ठरवले नव्हते. दिवसाची कामे संपल्यावर तोच वेळ उरायचा. पण पाठांतर, लगेच झोप, आणि सकाळी पुन्हा आठवून पाहणे हा क्रम जेनकिन्स-डॅलनबाख यांच्या प्रयोगाशी किती जुळतो पाहा. २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठात तीन वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या, त्यांत काही नवे शब्द होते. वाचनानंतर ज्या मुलांनी डुलकी घेतली त्यांना ते शब्द अधिक आठवले, आणि आठवड्यानंतरही जागी राहिलेली मुले त्यांना गाठू शकली नाहीत.

आज त्या वेळी मुलाच्या हातात काय असते? मी मोबाइलला शिव्या देण्यासाठी आलो नाही. पण निजेच्या आधीची पंधरा मिनिटे ज्या भाषेत जातील, ती भाषा मेंदूच्या रात्रीच्या कामाच्या टोपलीत पडणार. नातवंडांची मराठी राहावी असे ज्यांना वाटते, त्यांनी शिकवणीआधी या पंधरा मिनिटांचा विचार करावा.

दुसरी गोष्ट परीक्षा देणाऱ्या मुलांची. आपली मुले इंदूर, पुणे, कोटा येथे शिकवणीला जातात. रात्री दोनला झोपणे आणि पाचला उठणे याला आपण जिद्द म्हणतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे रोज सहा किंवा चारच तास झोपू दिले. त्यांची एकाग्रता दिवसागणिक घसरत गेली आणि काहींची स्थिती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. त्याहून गंभीर म्हणजे, त्यांना स्वतःला आपण इतके खालावलो आहोत हे कळत नव्हते. "मला सवय झाली आहे" असे मुलगा म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण त्याचा अंदाज भरवशाचा नसतो. किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे या विषयातले डॉक्टर सांगतात. रात्रीच्या शेवटच्या दोन तासांचे वाचन मिळवण्यासाठी दिवसभराच्या वाचनाची उजळणी गमावणे हा तोट्याचा सौदा आहे.

तिसरी गोष्ट या गावाची. लालबागेत ताप्ती मिल उभी राहिली तेव्हापासून 'पाळी' हा शब्द इथल्या घरांत रुळला. आज शहरभर पॉवरलूम खडखडतात, रात्रीही. केळीच्या बागांना रात्रीच्या विजेवर पाणी देणारे शेतकरी आहेत. आपण म्हणतो, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. दमलेल्याला दगडावरही झोप लागते. चेन्नईतील एका अभ्यासाने ही म्हण तपासली, असे म्हणायला हरकत नाही. अर्थशास्त्रज्ञांच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या पाहणीत शहरातली कमी उत्पन्नाची माणसे रात्री आठ तास अंथरुणावर असत, पण प्रत्यक्ष झोप साडेपाच तासच होई. उकाडा, डास, गोंगाट, दाटी. लागते झोप, पण तुकड्या-तुकड्यांची. संशोधकांनी पंखे, कानातले बोळे वगैरे देऊन रात्रीची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढवली. त्याने कामात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण कामाच्या जागीच शांत कोपऱ्यात दुपारी अर्धा तास डुलकी घेऊ दिली, तेव्हा लक्ष, कामाचा वेग आणि मनाची स्वस्थता सुधारली. अर्थात तो अर्धा तासही काम करणाऱ्याची एकूण कमाई थोडी जास्तच राहिली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. म्हणून मी कारखानदार मंडळींना डुलकीने नफा वाढेल असे आमिष दाखवणार नाही. एवढेच म्हणतो, की दुपारी ताग्याच्या गठ्ठ्याला टेकून डोळे मिटलेल्या माणसाला आळशी ठरवण्याआधी त्याची रात्र कशी गेली ते विचारावे. उन्हाळ्यात दिवसा झोपायला चरकानेही मुभा दिली आहे, आणि बुऱ्हाणपूरचा मे महिना आपण जाणतोच.

चौथी गोष्ट समोर बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींची. वयाबरोबर गाढ झोप कमी होते, हे खरे आहे. नाव ओठावर असते आणि येत नाही. इथे विसाव्याचा एक छोटा प्रयोग उपयोगी आहे. एडिंबरोमधील संशोधकांनी २०१२ मध्ये साठीच्या पुढच्या माणसांना दोन गोष्टी सांगितल्या. एका गोष्टीनंतर दहा मिनिटे अंधाऱ्या खोलीत स्वस्थ बसवले. दुसरीनंतर चित्रांतले फरक शोधायचा खेळ दिला. स्वस्थ बसल्यानंतरची गोष्ट अर्ध्या तासाने तर अधिक आठवलीच, पण सात दिवसांनीही अधिक आठवली. झोप नाही, औषध नाही. फक्त दहा मिनिटे नवे काही आत न घेणे. डॉक्टरांकडे जाऊन आलात, वकिलाशी बोललात, नातीचा फोन आला, की लगेच दूरदर्शन लावू नका. ओसरीवर बसा. घरच्यांना वाटेल हे रिकामे बसले आहेत. बसू द्या त्यांना तसे वाटून घेत. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण विसाव्यातही तो शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा वापरतो. खर्चाचे हे पुस्तक पाहून तरी तो रिकामा आहे असे म्हणता येत नाही.

मात्र घोरणे फार असेल, रात्री श्वास अडकून जाग येत असेल, किंवा विसर इतका वाढला असेल की ओळखीची वाट चुकते, तर ओसरीवर बसून भागणार नाही. तिथे डॉक्टरच हवा, आणि लवकर हवा. तसेच, उंदरांतले सगळे जसेच्या तसे माणसांत आहे असेही मी म्हणत नाही. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी तारा घातल्या असताना तसेच जलद तरंग माणसांतही नोंदले गेले आहेत. पण एखादे पूर्ण आयुष्य, त्यातली माणसे, भाषा, दुःख हे सारे रात्री कसे रचले जाते, हे कळायला बराच अवकाश आहे.

शेवटी मंडळाला एक विनंती करतो. आपल्या वार्षिक कार्यक्रमांत एक संध्याकाळ आजी-आजोबांनी नातवंडांना मराठी गोष्टी सांगण्यासाठी ठेवावी. आठच्या आत ती संपवावी, चहा-फराळ लांबवू नये, आणि मुलांना तिथून थेट घरी, अंथरुणात जाऊ द्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारावा: "काल कोणती गोष्ट ऐकलीस रे?" मूल जे सांगेल ते कुणी तरी वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी त्या वह्या घेऊन कुणी वक्ता या जागी उभा राहिला, तर त्याचे व्याख्यान आजच्यापेक्षा नक्कीच अधिक ऐकण्यासारखे असेल.